घराच्या आसऱ्याला आलेली घरटी: हात कधी लावावा, कधी लावू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बाल्कनीतील कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधून अंडी घातली आहेत, त्याच भिंतीवर एसीच्या बाहेरच्या युनिटमागे पारव्यांनी ठाण मांडले आहे, घरात एक लहान मूल आणि दम्याचा रुग्ण आहे; अशा वेळी घरटी हलवावीत की राहू द्यावीत, रोगाची भीती कितपत खरी आहे, आणि एखादे पिल्लू खाली पडल्यास काय करावे? जखमी व पोरक्या पक्ष्यांची शुश्रूषा करण्याच्या कामामुळे हे प्रश्न माझ्यापुढे दर विणीच्या हंगामात येतात. बुलबुल आणि पारवा हे दोघे एकाच वेळी आपल्या दारी आले हे समजावून सांगण्याच्या दृष्टीने सोयीचेच आहे, कारण या दोघांना एकच नियम लावता येत नाही.

घरटे हलवावे का, हे ठरवण्यापूर्वी ते आज कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहावे लागते. जोडी अजून काड्या आणत असेल आणि घरट्यात एकही अंडे नसेल, तर जागा गैरसोयीची असल्यास त्या काड्या काढून टाकण्यात पक्ष्यांचे फारसे नुकसान होत नाही. ते दुसरी जागा शोधतात. एकदा अंडे पडले की शेवटचे पिल्लू उडून जाईपर्यंत घरट्याला हात लावू नये. ही मुदत ऐकल्यावर बहुतेक लोकांचा जीव भांड्यात पडतो, कारण ती त्यांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले त्यानंतर बारा-तेरा दिवसांतच घरट्याबाहेर पडतात. होल्याचे गणितही जवळपास असेच, म्हणजे उबवण्याचे दोन आठवडे आणि संगोपनाचे दोन आठवडे असते. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत उबतात व पिल्ले पंधरा दिवसांच्या आसपास उडतात. पारव्याला मात्र उबवायला १७ ते १९ दिवस आणि पिल्लू उडायला सुमारे एक महिना लागतो. गव्हाणी घुबड सर्वांत चिवट भाडेकरू, कारण त्याची अंडी महिनाभर उबतात आणि पिल्ले पुढे आणखी सात-आठ आठवडे जागा सोडत नाहीत. आपल्या बुलबुलांसाठी बाल्कनीचा तो कोपरा चार आठवडे सोडून द्यायचा आहे, एवढेच.

या चार आठवड्यांत लोक सर्वांत आधी घाबरतात ते अंड्यांवर कोणी बसलेले दिसत नाही म्हणून. लहान पक्षी रोज एक याप्रमाणे अंडी घालतात आणि शेवटचे किंवा त्याआधीचे अंडे पडेपर्यंत नेटाने उबवायला बसत नाहीत, म्हणजे सगळी पिल्ले साधारण एकाच वेळी बाहेर येतात. तोवर अंडी उघडी आणि थंड असतात. त्यात काळजीचे कारण नाही. उबवणे सुरू झाल्यानंतरही मादी चरण्यासाठी अधूनमधून उठते. अंड्यांना थोड्या गारव्यापेक्षा कडक उन्हाचा धोका अधिक असतो. उबवताना त्यांचे तापमान ३६ ते ३८ अंश सेल्सियसच्या आसपास राहते आणि ते ४१ अंशांच्या पुढे जाऊन तसेच राहिले तर आतील जीव वाचत नाही. त्यामुळे कुंडीवर सावली धरणारे दुसरे झाड किंवा पडदा या काळात काढू नये आणि ती फांदीही छाटू नये. कुंडीला पाणी घालायचे असल्यास झारीने वरून न शिंपडता कडेने, मातीजवळ हळूच ओतावे. मादी समोरून उठून गेली की ते काम उरकून लगेच मागे फिरावे. कीटकनाशकाची फवारणी मात्र आसपासच्या कुठल्याही झाडावर करू नये, कारण पुढे पिल्लांच्या तोंडी जाणार आहेत त्या त्याच झाडांवरच्या अळ्या.

माणसाचा वास लागला की पक्षी घरटे टाकतात, ही समजूत खरी नाही. घरट्यातून पडलेले पिल्लू हातात घेऊन परत ठेवले तरी आईबाप त्याला भरवत राहतात. घरटे टाकले जाते ते सततच्या वर्दळीमुळे, आणि तेही मुख्यतः बांधणीच्या व अंडी घालण्याच्या दिवसांत, जेव्हा जोडीने त्या जागी फारसे काही गुंतवलेले नसते. पिल्ले मोठी होतात तसे पालक अधिक धीट होतात, परंतु मग धोका पिल्लांच्या बाजूने सुरू होतो: उडण्याच्या आधीच्या दोन-चार दिवसांत कोणी मोबाइल घेऊन जवळ गेले की घाबरलेली पिल्ले पंख तयार नसतानाच घरट्याबाहेर उड्या टाकतात आणि परत आत ठेवली तरी थांबत नाहीत. छायाचित्रे खिडकीच्या आतून, पडद्याआडून काढावीत. शिवाय आपण जिथे वारंवार डोकावतो तिथे कावळ्याचे आणि भारद्वाजाचेही लक्ष जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

घरटे उचलून दोन-तीन मीटरवरच्या ‘अधिक सुरक्षित’ जागी ठेवण्याचा मोह टाळावा. पक्ष्याच्या स्मरणात घरट्याची जागा असते. घरटे तिथून हलले की जोडी मूळ ठिकाणी येऊन घिरट्या घालते आणि बहुधा अंडी वाऱ्यावर सोडते. याला अपवाद फक्त जिवावरच्या धोक्याचा. गॅस गीझरच्या धुराच्या नळीत घरटे झाले असेल तर वायू बाहेर न जाता स्नानगृहात साचतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात. अशा वेळी गीझर ताबडतोब बंद ठेवावा, आणि तो सुरू करण्यावाचून गत्यंतर नसेल तर पक्षी बचाव करणाऱ्या संस्थेच्या मदतीने घरटे काढावे. एक्झॉस्ट पंख्याच्या पोकळीतील घरट्यासाठी पंख्याचा स्विच चिकटपट्टीने बंद करून ठेवणे पुरते. चिमणी घरात छताजवळ घरटे करीत असेल तर छताच्या पंख्याचा विचार करावा, कारण येता-जाता पात्यावर आपटून मरणाऱ्या चिमण्या थोड्या नसतात.

कायद्याचे म्हणाल तर वापरात असलेले घरटे मोडणे हा अनेक देशांत गुन्हा आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, ब्रिटनमध्ये १९८१ चा कायदा आणि अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा १९१८ चा कायदा अंड्यांना व घरट्यांना संरक्षण देतात. कोणत्या पक्ष्याला सूट आहे हे मात्र देशागणिक बदलते. अमेरिकेत पारवा आणि चिमणी त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

अंडी फुटल्यानंतरचे दिवस धांदलीचे असतात. बुलबुलाचे नुकते जन्मलेले पिल्लू उघडेनागडे, डोळे मिटलेले असते आणि घरटे जरा हलले की मान ताणून लालभडक तोंड वासते. नर व मादी दोघेही सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत दर काही मिनिटांनी किडे, अळ्या आणि पुढे मऊ फळे आणून भरवतात. जवळून पाहिले तर एक गमतीची गोष्ट दिसते: भरवून झाल्यावर पालक क्षणभर थांबतो, पिल्लू पाठ वर करते, पातळ आवरणात बांधलेली पांढरी विष्ठेची पुटकुळी बाहेर येते आणि पालक ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतो किंवा स्वतःच गिळतो. बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ यांच्या घरट्याखाली घाण जवळजवळ दिसत नाही ती यामुळे. पारव्याच्या घरट्यात अशी सोय नसते. तिथे विष्ठेचाच थर साचून घरट्याची कड तयार होते. आरोग्याच्या दृष्टीने आपल्या दोन पाहुण्यांतील सगळा फरक यातच आहे.

पिल्लू खाली सापडल्यास ते कोणत्या वयाचे आहे हे सर्वांत आधी पाहावे. अंगावर पिसे आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्यांशी पिवळट घडी अजून शिल्लक, आणि कठड्यावर किंवा जमिनीवर उड्या मारू शकणारे पिल्लू हे पडलेले नसते; ते घरटे सोडून बाहेर आलेले असते. बहुतेक लहान पक्ष्यांची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर येतात आणि पुढचे काही दिवस झुडपांत लपून पालकांकडून भरवून घेतात. लोक अशी धडधाकट पिल्ले ‘पोरकी’ म्हणून आमच्याकडे घेऊन येतात आणि तिकडे आईबाप त्याच झुडपावर ओरडत राहतात. अशा पिल्लाला फक्त रस्त्यावरून किंवा मांजराच्या वाटेवरून उचलून जवळच्या दाट फांदीवर ठेवावे, घरातील मांजर चार-पाच दिवस आत कोंडावे आणि दूर जाऊन तासभर पाहावे. आपण जवळ उभे असलो तर पालक येत नाहीत, आणि मग ते येत नाहीत म्हणून आपण पिल्लू उचलतो. बरीच पिल्ले या फेऱ्यात सापडतात.

पिसे नसलेले किंवा पिसांच्या नुसत्या निळसर नळ्या दिसणारे पिल्लू मात्र खरोखर पडलेले असते आणि ते घरट्यात परत जायला हवे. अंग गार लागत असेल तर आधी तळहातांत धरून ते उबदार करावे, कारण गारठलेले पिल्लू तोंड उघडत नाही आणि तोंड न उघडणाऱ्या पिल्लाला पालक भरवत नाहीत. मूळ घरटे कोसळले असेल तर तळाला छिद्रे असलेली लहान टोपली घेऊन त्यात सुके गवत आणि पडलेल्या घरट्याचे जे काही उरले असेल ते घालावे, आणि ती शक्यतो त्याच फांदीला, नाहीतर मीटरभराच्या आत, ऊन-पाऊस लागणार नाही अशी घट्ट बांधावी. लोकांना हे खरे वाटत नाही, परंतु घरट्यात भुकेली पिल्ले असताना जोडी अशा टोपलीत सहसा उतरते. अंड्यांच्या बाबतीत हीच युक्ती फारशी चालत नाही, कारण तोंड वासून ओरडणारे पिल्लू पालकाला जसे ओढून आणते तसे अंडे आणत नाही.

पिल्लाला पाणी पाजू नये, हे मी जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा ते मोडले जाते. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. ड्रॉपरने सोडलेला थेंब सरळ तिथे उतरतो आणि पिल्लू आपल्या हातातच गुदमरते. पिल्लाला लागणारे पाणी त्याला किड्यांतूनच मिळते. दूध पक्ष्यांना पचत नाही. पाव किंवा भाताने पोट भरते, पण हाडे बनत नाहीत. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवते. पारव्याचे आणि होल्याचे पिल्लू तर आणखी वेगळे. त्याला पहिले काही दिवस आईबाप दोघेही आपल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून पाझरणारा दुधासारखा दाट स्राव पाजतात, आणि त्याला घरगुती पर्याय नाही. पालक खरोखर मेले असल्याची खात्री असेल, पिल्लू जखमी असेल, किंवा मांजराने त्याला नुसते तोंडात धरले असेल, तर ते हवेसाठी छिद्रे पाडलेल्या खोक्यात, अंधारात व उबेत ठेवून थेट पशुवैद्याकडे किंवा बचाव केंद्राकडे न्यावे. मांजराच्या लाळेतील जिवाणू बारीकशा ओरखड्यातूनही रक्तात पसरतात आणि प्रतिजैविकाशिवाय पक्षी एक-दोन दिवसांत जातो, म्हणून ‘जखम तर दिसत नाही’ यावर विसंबू नये.

आता पारवे. बुलबुलाच्या घरट्यापासून आपल्या दम्याच्या रुग्णाला काळजी करण्याजोगा धोका नाही; पारव्यांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. पारव्याच्या सुक्या विष्ठेची आणि पिसांच्या भुकटीची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिली तर काही लोकांच्या फुप्फुसांत ॲलर्जीसारखी दाहाची प्रतिक्रिया सुरू होते आणि दुर्लक्ष केल्यास फुप्फुसे कायमची कडक होतात. साचलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस व हिस्टोप्लाझ्मा या बुरशी वाढू शकतात, आणि सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजारही पक्ष्यांकडून माणसाला होऊ शकतो. निरोगी माणसाने यामुळे भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु दमा, प्रत्यारोपण किंवा कर्करोगाचे उपचार सुरू असलेली व्यक्ती घरात असेल, तर खिडकीलगत पारव्यांची वसाहत राहू न देणे हाच शहाणपणा आहे, आणि तसे करण्यात भूतदयेला बाधा येते असे मला वाटत नाही. पारवा हा दुर्मीळ पक्षी नाही. माणसाने आयते दाणे आणि कडेकपारींसारख्या इमारती पुरवल्यामुळे त्याची संख्या फुगलेली आहे. बाल्कनीत किंवा छतावर दाणे टाकणे त्यामुळे आजच थांबवावे.

आपल्या एसीमागे सध्या अंडी किंवा पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी आणि दम्याच्या रुग्णाची झोपण्याची जागा दुसऱ्या खोलीत करावी. पारवे वर्षभर वितात आणि पहिली पिल्ले घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालू शकते. म्हणून ‘सगळे उडून गेले की बघू’ असे म्हणणाऱ्याला ती वेळ कधी सापडतच नाही. पिल्ले उडण्याच्या बेतात आली की रोज लक्ष ठेवून, घरटे रिकामे होताच त्याच दिवशी जागा साफ करून बंद करावी. सफाई करताना कोरडा झाडू कधीही मारू नये. आधी फवारा मारून विष्ठा पूर्ण भिजवावी, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, ओली घाण खरवडून पिशवीत बंद करावी आणि मग जागा जंतुनाशकाने पुसावी; दम्याचा रुग्ण व लहान मूल त्या वेळी घरात नसलेले बरे. घरटे रिकामे झाल्यावर त्यातील माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडे, उपाशी राहून खिडकीच्या फटींतून खोलीत शिरतात आणि अंगाला खाज सुटते, हेही त्याच दिवशी सफाई करण्याचे एक कारण आहे.

जागा बंद करायची म्हणजे जाळी लावणे आलेच, आणि तिथे बरेचसे काम बिघडते. पारव्यांसाठी ५० मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी पुरते, पण ती चारही बाजूंनी ताणून बसवलेली हवी. सैल, लोंबकळणाऱ्या नायलॉनच्या जाळीत पारवेच नव्हे तर घुबडे आणि शिक्रेही पंख अडकून मरतात. ज्या कट्ट्यावर पारवे बसतात तिथे ४५ अंशांहून तीव्र उताराची फळी बसवली की त्यांना पाय टेकता येत नाही. चिकट लेप मात्र वापरू नयेत. ते लहान पक्ष्यांची पिसे धरून ठेवतात आणि त्यांचे हाल होतात.

वीण सुरू असताना पक्षी माणसावर धावून येतात किंवा खिडकीवर चोची मारतात, त्याविषयीही दोन शब्द सांगतो. काचेवर टकटक करणारा बुलबुल वेडा झालेला नसतो. तो स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून हाकलत असतो, आणि काच बाहेरून कागदाने किंवा साबणाच्या पाण्याने धूसर केली की तो थांबतो. आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब उलट ठळक होते. कावळे डोक्यावर झेप घेत असतील तर त्यांचे पिल्लू खाली उतरले आहे असे समजावे आणि काही दिवस छत्री घेऊन ये-जा करावी. त्यांच्यावर दगड भिरकावण्याने उपद्रव वाढतोच, कारण कावळे चेहरा लक्षात ठेवतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले व सोडले होते. पुढे तो मुखवटा कोणीही घालून फिरले तरी कावळे त्याच्यामागे कोलाहल करीत, आणि साध्या, निरुपद्रवी मुखवट्याकडे दुर्लक्ष करीत.

पुढच्या वर्षाची तयारी विणीचा हंगाम संपल्यावर करावी. बुलबुलाचे रिकामे घरटे महिनाभर तसेच ठेवावे, कारण जोडी दुसऱ्यांदा विते. मात्र ती बहुधा नवे घरटे बांधते, त्यामुळे नंतर जुने काढून टाकण्यास हरकत नाही. घरट्यांसाठी म्हणून दोरे, लोकर किंवा केस बाहेर टांगून ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. नायलॉनचा धागा पिल्लाच्या पायाला गुरफटतो, पाय वाढतो तसा तो रुतत जातो आणि अखेर पाय सुकून गळतो; पतंगाच्या मांजाचे तुकडे दिसतील तिथून उचलून टाकावेत. त्याऐवजी बाल्कनीच्या एखाद्या कोपऱ्यातली कोळिष्टके राहू द्यावीत. शिंजीर आपले लोंबते घरटे त्यांनीच विणतो आणि शिंपी पाने शिवताना कापसाबरोबर तेच तंतू वापरतो.

चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावायची असेल तर प्रवेशाचे छिद्र ३२ मिलिमीटरचे ठेवावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. छिद्रापासून तळापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर खोली असावी, तळाला पाणी निथळण्यासाठी आणि वरच्या बाजूला हवेसाठी बारीक भोके असावीत, आणि आतून रंग देऊ नये. दुकानी पेट्यांना छिद्राखाली जी दांडी लावलेली असते ती काढून टाकावी. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र तिच्यावर बसून आत चोच घालता येते. पेटी जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर, दुपारच्या उन्हाकडे पाठ करून भिंतीला घट्ट बसवावी. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून एकाऐवजी दोन-तीन पेट्या थोड्या अंतराने लावल्यास त्या येण्याची शक्यता वाढते. पहिला हंगाम रिकामा गेला तर पेटी हलवू नये. दुसराही तसाच गेला तर मात्र दिशा बदलून पाहावी.